"वयात आलं की आपोआप झडतं" हे सांगितलं कोणी?

वहिनीने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकलाय, "गुटगुटीत मूल म्हणजे खात्यापित्या घरचं मूल, वयात आलं की चरबी आपोआप झडते, डॉक्टर उगाच घाबरवतात." एरवी असलं मी वाचून सोडून देते, पण शाळेच्या तपासणीत माझ्या भाच्याचं वजन जास्त निघालंय, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय आणि आता या फॉरवर्डच्या जिवावर ते टळणार, म्हणून लिहितेय.

सगळ्यात संतापजनक मुद्दा हा: "मान काळी दिसली तर तो घामाचा मळ, डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासा." अगं, मळ नाहीये तो! मानेच्या मागे, काखेत कातडी जाडसर, काळपट, मखमलीसारखी होते, त्याला अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. लठ्ठ मुलांमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा असा की शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतंय. टाइप 2 डायबेटिसची वाट इथूनच जाते. आणि आपण काय करतो, तर पोराची मान लालभडक होईस्तोवर घासतो, वर "नीट आंघोळ करत नाहीस" म्हणून त्यालाच ओरडतो. त्याचा काय दोष? सालटं निघतील, काळेपणा जाणार नाही. वजन उतरलं की तो हळूहळू फिका पडतो.

"आपोआप झडते" हे अर्धं खरंय, मान्य. तान्हं बाळ गुबगुबीत असतं, चालायला-पळायला लागलं की सुटसुटीत होतं. पण ही गोष्ट बाळाची, चौथीतल्या मुलाची नाही. 2016 मध्ये 15 अभ्यासांचा, म्हणजे 2 लाखांवर लोकांचा एकत्र आढावा आला, त्यात लठ्ठ मुलांपैकी साधारण 55 टक्के किशोरवयातही लठ्ठच राहिली आणि लठ्ठ किशोरांपैकी 80 टक्के मोठेपणीही. झडलं कुठे मग? आणि मोठेपणाची वाट तरी कशाला बघायची, फॅटी लिव्हर, बीपी, घोरताना श्वास अडकणं हे सगळं लहान वयातच सुरू होऊ शकतं.

"हा अमेरिकेतला आजार, आपली हाडंच जाड." पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली तर वजन इंग्लंडच्या बाळांपेक्षा जवळपास 800 ग्रॅम कमी, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे वजन कमी असलं तरी त्या मानाने चरबी जास्तच, उलट आपणच जास्त जपायला हवं.

"दुधात चॉकलेट पावडर घाला, ताकद येते." एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विकणाऱ्यांना बोर्नव्हिटासकट असली पेयं "हेल्थ ड्रिंक" यादीतून काढायला सांगितलं, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. साखर तेवढी भरपूर असते.

मोबाईलमुळे मुलं बसून राहतात हा फॉरवर्डमधला मुद्दा मात्र बरोबर आहे. पण मोबाईल बघताना वेफर्सचं पाकीट कोण हातात देतं?

वहिनी, त्याला उपाशी ठेव असं कोणीच म्हणत नाहीये, वाढत्या वयात ते चुकीचंच. फक्त शुगर आणि लिव्हरची टेस्ट करून घे. शनिवारी सकाळी उपाशीपोटी मीच घेऊन जाते त्याला.