ओन्ली अ‍ॅडमिन

आज सकाळी मंडळाच्या ग्रुपवर 'ओन्ली अ‍ॅडमिन' लागलं. त्याआधी हिशोबावरनं वाजलं आणि आमच्यातला एक जुना कार्यकर्ता 'लेफ्ट' झाला. बावीस वर्षं पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलेला माणूस! अ‍ॅडमिननं खाली हात जोडले, 'विषय संपला.' अरे, संपला कुठं? तोंडं बांधलीत नुसती.

लहानपणी तालमीत माझी एका दोस्ताशी बोलाचाली बंद होती. मला वाटायचं, लढतीच्या पाळीवरनं. वस्तादांनी समजूत काढली नाही की हातात हात दिला नाही. दोघांत एक फावडं दिलं. मी कुस्तीच्या मातीचा हौदा उकरायचा, त्यानं ढेकळं फोडायची. तिसऱ्या दिवशी फावडं त्याच्या अंगठ्याला लागलं आणि त्याची वाचा फुटलीच, "तालीम चुकवतो म्हणून माझ्या आबांस्नी कुणी सांगितलं रं?"

पाळीबिळी काही नव्हतं. मी चुगली केलेली.

इथं मंडळातही नुसतं हिशोबाचं नाव झालंय. गेल्या साली आरतीला त्या लेफ्ट झालेल्याच्या म्हाताऱ्या वडिलांना पुढं बोलवायचं राहून गेलं, दुखणं तिथलं आहे. पेठेत पोराटोरांना ठाऊक, पण विचारणार कोण?

माझा भाचा एचआरमध्ये. म्हणतो, मामा, टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1965 लाच लिहून ठेवलंय, गट जमला की आधी वादळ होतं, मग घडी बसते. असेल बाबा. पण हिथं वादळ सुरू झालं की आम्ही खिडक्या लावून घेतो.

आता मान्य, रात्री दीडला ग्रुपवर आईबहीण निघाली तर कुणीतरी कुलूप घालणारच. आणि वस्ताद कानाखालीही द्यायचे, ते काही बरोबर नव्हतं. पण त्या दिवशी हौद्याच्या कडेला बसून त्यांनी दोघांचं सगळं ऐकलं आणि मला तोंडावर सांगितलं, "चूक तुझी हाय." 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं' असलं गुळमुळीत नाही. राग आला. पण दोस्ती आजपर्यंत टिकली.

लिहिता लिहिता 2019 चा ऑगस्ट आठवला. कोल्हापुरात पंचगंगा 43 फुटांची धोक्याची खूण कधीच मागं टाकून शुक्रवार पेठेत शिरलेली. हे दोघं, आजचा अ‍ॅडमिन आणि हा लेफ्ट झालेला, एकाच ट्रॉलीत भाकरीची गाठोडी डोक्यावर धरून उभे होते. तेव्हा कुणी कुणाला हिशोब विचारला नव्हता.

मघाशी दोघांना फोन लावला. म्हटलं, संध्याकाळी गंगावेशीत या, कट्ट्यावर दूध पिऊ. अ‍ॅडमिन म्हणाला, "बघतो." दुसऱ्यानं उचललाच नाही. त्याच्या दुकानावरच जातो आता.