शुगरवाल्यांना डबल डोस? जरा थांबा

इंदूरला आमच्या रामबागेत गणपतीच्या वर्गणीसाठी काढलेल्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: "शुगरवाल्यांना अँटिबायोटिक लागू होत नाही, डोस डबल घ्या. इंजेक्शनच मागा. कोर्स संपेपर्यंत शुगरची गोळी बंद ठेवा." माझं मेडिकलचं दुकान, त्यामुळे रोज कुणीतरी मोबाइल पुढे करतंच.

'लागू होत नाही' यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. जुन्या शुगरमध्ये पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. रक्तच नीट पोचत नाही तिथे औषध कुठून पोचणार? पण गोळ्या दुप्पट केल्याने तुंबलेली वाट मोकळी होत नाही. शिवाय लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक औषधं मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतात. शुगरने किडनी मंदावली असेल तर नेहमीचा डोससुद्धा अंगात साचतो. अशा वेळी डॉक्टर क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) बघून डोस कमी करतात किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवतात. म्हणजे फॉरवर्डच्या नेमकं उलट.

परवा सकाळी एक काका पोहे-जिलबीचा पुडा घेऊन आले आणि काउंटर धरूनच उभे राहिले. घामाने सदरा भिजलेला, हात थरथरत होते. मशीनवर शुगर ५८, म्हणजे फारच खाली. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू, त्यात लेव्होफ्लॉक्सासिन दिवसाला एक लिहिलेली, यांनी दोन घेतल्या. "अरे, ग्रुपवर आलं होतं ना!" जिलबी खायला निघाले होते, म्हटलं, तळलेलं सावकाश पचतं, आधी हे ग्लुकोजचं पाणी प्या. लेव्होफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधं शुगर खालीही पाडतात, वरही नेतात. त्यांचंच भावंड गॅटिफ्लॉक्सासिन, त्याच्या गोळ्या-इंजेक्शनांवर आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली.

इंजेक्शनचं म्हणाल तर काहींचं पोट शुगरमुळे सावकाश रिकामं होतं, गोळीचा असर उशिरा सुरू होतो, एवढं खरं. पण स्नायूत टोचलेलं औषधही मधुमेह्यात हळू मुरू शकतं.

शुगरची गोळी बंद करणं तर उलटंच. इन्फेक्शनमध्ये शुगर आपोआप चढते, आणि चढलेल्या शुगरमध्ये पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. जेवण जात नसेल किंवा ग्लिमेपिराइडसोबत लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध आलं असेल, तर डोस बदलावा लागतो. तो डॉक्टर बदलतील. इन्सुलिन मनाने थांबवणं सगळ्यात वाईट.

काकांचं क्रिएटिनिन दुसऱ्या दिवशी आलं, १.९, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी औषधच बदललं, तेही कमी डोसात.