वर काय आहे?

आपल्याकडे डोंगर चढायला कारण लागतं. वर खंडोबा असतो, नाहीतर देवी असते, नाहीतर महाराजांचा किल्ला असतो. यातलं काहीच नसलं तर निदान चुलीवर पिठलं-भाकरी करणारी एखादी मावशी तरी असते. त्यामुळे मँचेस्टरला भाचीकडे गेलो असताना भाचेजावयांनी ‘मामा, शनिवारी किंडर स्काउटला जाऊ’ असं जाहीर केलं, तेव्हा मी साहजिकच विचारलं, ‘वर काय आहे?’

‘वर काहीच नाही,’ ते अत्यानंदाने म्हणाले. ‘नुसतं पठार!’

किंडर स्काउट हा इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातला सर्वांत उंच डोंगर. उंची 636 मीटर. ‘म्हणजे कळसूबाईच्या निम्मासुद्धा नाही,’ असं म्हणून ही धपाट्यांचं पीठ भिजवायला उठली.

जावयांकडे वेळेचं सूत्रही तयार होतं. 1892 साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने ते घालून दिलंय. दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला वर आणखी एक तास. तिकडची चालणारी मंडळी अजून त्याच हिशेबाने घराबाहेर पडतात. नेस्मिथसाहेबांनी या हिशेबात आमच्या हिचे गुडघे धरले नव्हते. आणि फाटकं तर मुळीच धरली नव्हती.

मँचेस्टरहून रेल्वेने पायथ्याच्या ईडेल गावी उतरलं की पायवाट सरळ लोकांच्या शेतांतून जाते. मालकी त्यांची, पण चालण्याचा हक्क तुमचा. मधे मधे दगडावर दगड रचलेली, चुना-माती न लावलेली कुंपणं आणि त्यांत फाटकं. काही फाटकं अशी की एका वेळी एकच माणूस आत शिरतो, कोपऱ्यात दबून उभा राहतो, फाटक स्वतःभोवती फिरवतो आणि पलीकडे निसटतो. गुरं अडावीत आणि माणूस सुटावा अशी ही योजना आहे. पाठीवर सॅक घेतलेला माणूस मात्र गुरांत धरला जातो. मी दोन्ही बाजूंनी अडकून उभा असताना पलीकडून एक बाई, तिचे दोन कुत्रे आणि तिचा नवरा शांतपणे रांग लावून थांबले होते. ‘नो रश,’ ती म्हणाली. इतक्या सभ्यपणे माझी कोंडी यापूर्वी कुणी पाहिलेली नाही.

त्याहून वाईट म्हणजे फाटक धरून ठेवणारा माणूस. तो तुम्हाला अर्ध्या फर्लांगावर बघतो आणि हसतमुखाने फाटक धरून उभा राहतो. मग तुम्हाला पळावं लागतं. नेस्मिथच्या सूत्रात हे पळणं कुठे बसतं, ते जावयांनाही सांगता आलं नाही. शिवाय भेटेल तो ‘लव्हली डे’ म्हणतो. पाऊस बारीक पडत होता, वारा कानात शिरत होता, माकडटोपीचा अंगठ्याएवढा भाग सोडला तर मी सगळा ओला होतो, तरी दिवस लव्हलीच. शेवटी शेवटी मीही म्हणायला लागलो. विरोध करायला दम कुठे होता?

खरा चढ जेकब्स लॅडरपाशी सुरू होतो. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा शेतकरी इथे राहायचा. घोड्याला वळणावळणाच्या वाटेने सोडून द्यायचं आणि आपण उभ्या चढात खोदलेल्या पायऱ्यांनी सरळ वर जायचं, अशी त्याची पद्धत होती म्हणतात. ही अर्ध्यात बसली आणि म्हणाली, ‘घोडा शहाणा होता.’

वर पोहोचलो. जावई खरं बोलले होते. वर खरोखर काही नव्हतं. मैलोन्‌मैल पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीची काळी दलदल, भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखी, आणि तिच्यात माणूस बुडेल एवढे चर. मँचेस्टर-शेफील्डच्या कारखान्यांच्या धुराने इथलं शेवाळ शतकभर मारलं, पीट उघडं पडलं आणि वाहून जायला लागलं. आता माणसं हाताने पुन्हा शेवाळ लावत आहेत. डोंगरावर एक झाड दिसावं म्हणून नव्हे, तर चिखल जागेवर राहावा म्हणून! पालिकेत आयुष्य काढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

धुक्यात एक पांढरा खांब उभा होता. जुन्या मोजणीचा. मी त्याला हात लावून ‘हर हर महादेव’ म्हटलं, फोटो काढला आणि बसलो. तेव्हा जावई खाकरले. ‘मामा, हा खांब 633 वर आहे. खरं टोक अजून तीन मीटर उंच. तिकडे कुठेतरी.’ तिकडे म्हणजे दलदलीत. पठार इतकं सपाट की टोकावर उभं राहिलं तरी टोक कळत नाही. ही म्हणाली, ‘तीन मीटर म्हणजे आमच्या घराचं छत. ते बघायला मी चिखलात जाणार नाही.’ विषय संपला. वाऱ्याने पहिलं धपाटं उडवून नेलं, बाकीची आम्ही पाठ करून खाल्ली.

तेवढ्यात झुडपातून कुणीतरी ओरडलं: ‘गो बॅक, गो बॅक, गो बॅक!’

मी दचकलो. तो रेड ग्राउस होता, कोंबडीएवढा तांबूस पक्षी. त्याची हाकच तशी. सायमनला आपण 1928 साली जे सुनावलं, ते हा पिढ्यान्‌पिढ्या सुनावतो आहे. आणि गंमत म्हणजे पूर्वी इथले जमीनदारही हेच सुनावत. ग्राउसच्या शिकारीसाठी सगळं पठार राखीव होतं, पहारेकरी ठेवलेले होते. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन नावाच्या विशीतल्या पोराच्या पुढाकाराने मँचेस्टरकडचे शेकडो कामगार मुद्दाम इथे घुसले. झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्याच वर्षी आपली माणसं कायदेभंग करून येरवड्यात बसली होती. आपण निदान स्वराज्य मागत होतो. यांना नुसतं चिखलात चालायचं होतं! मात्र मागून मागून मिळवलं त्यांनी. 1951 साली देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथेच झालं, आणि 2000 साली मोकळ्या माळावर हिंडायच्या हक्काचा कायदा आला.

चिखलावरून जायला मधे मधे मोठाल्या दगडी फरशा टाकल्या आहेत. त्यांतल्या एकीवर मी सावधपणे उभा होतो. फरशीत ओळीने भोकं होती. ‘ही कसली?’ विचारलं. भाची म्हणाली, ‘मामा, या लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या फरशा आहेत. गिरण्या पाडल्या, फरशा हेलिकॉप्टरने इथे आणल्या. भोकं यंत्रं रोवायची.’

माझे वडील परळला गिरणीत विणाई खात्यात होते. लहानपणी लालबागच्या चाळीत आम्ही भोंग्यावर जेवायचो. 1982 साली नॅशनल ट्रस्टने हा डोंगर विकत घेतला, आणि त्याच वर्षी जानेवारीत आमच्याकडे संप सुरू झाला. यांच्या गिरण्यांची पायवाट झाली, आमच्यांचे मॉल झाले. मॉलच्या फरशीवरून मी अनेकदा घसरलोय, ही फरशी मात्र पकडून धरत होती. हिने वाकून त्या भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, ‘मामंजींना दाखवायला हवं होतं.’

पुढे किंडर डाउनफॉल. तीसेक मीटरचा धबधबा. पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी खाली पडण्याऐवजी उलटं वर उडतं. पावसाळ्यातला नाणेघाट पाहिलेल्यांना त्याचं अप्रूप नाही. फरक एवढाच, की नाणेघाटात भिजल्यावर कणीस मिळतं.

परतीच्या गाडीत सगळ्यांच्या बुटांना एकाच रंगाचा चिखल होता. समोर सत्तरी उलटलेल्या एक बाई बसल्या होत्या, हातात दोन काठ्या. त्यांनी आपुलकीने विचारलं, ‘किंडर?’ मी मान हलवली. त्या पुढे झुकल्या. ‘खांबापर्यंत, की टोकापर्यंत?’

जावई खिडकीबाहेर बघायला लागले. भाचीने फोन काढला.

‘टोकापर्यंत,’ ही म्हणाली.