जहाज आलं की गावाची चांदी?

क्रूझचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो: ‘एकदा पैसे भरा, मग सगळं फुकट. नवी जहाजं गॅसवर चालतात, म्हणून प्रदूषण नाही. आणि जहाज थांबतं त्या गावाची तर चांदीच.’ तिन्ही दावे अर्धवट खरे आहेत, म्हणूनच ते पटकन पटतात.

‘सगळं फुकट’. राहणं, रोजचं जेवण, करमणूक तिकिटात येते. दारू, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या. बऱ्याच अमेरिकी कंपन्या टिपही माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर अशी बिलात लावतात, मुलांचीसुद्धा. चौघांचे सात रात्रींचे निदान साडेचारशे डॉलर तिथेच गेले.

‘प्रदूषण नाही’. 2024 मध्ये सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूवर चालतं. काजळी आणि गंधक खूपच घटतं, हा फायदा खरा. पण इंजिनातून न जळलेला मिथेन निसटतो, आणि 20 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

आता ‘गावाची चांदी’. आपल्याकडचेही अनेक जण अलास्काच्या क्रूझला जातात, म्हणून तिथलं जुनो घ्या. बाहेरून एकही रस्ता न येणारं, सुमारे 32 हजार वस्तीचं गाव. 2023 च्या हंगामात तिथे 16 लाखांहून जास्त क्रूझप्रवासी उतरले. रोजगार मिळतो, हे कोणीच नाकारत नाही. बंदरात क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरून वीज द्यायची सोयही जगात पहिल्यांदा इथेच झाली, 2001 मध्ये. पण धक्क्याजवळची कितीतरी दुकानं हंगामापुरती उघडतात आणि हिवाळ्यात तो रस्ता ओस पडतो. गावाने माणशी शुल्क लावलं, तर त्या पैशाच्या वापरावरून क्रूझ कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. 2018 मध्ये निकाल लागला: शुल्क घ्या, पण ते जहाजांच्या सेवेवरच खर्च करा. ज्याला चांदी म्हणतात, तिच्यातल्या या वाट्यावरही गावाचा पुरता हक्क नाही!

तरी गावकऱ्यांनी जहाजं झिडकारली नाहीत. शनिवारी मोठी जहाजं नकोत, हा प्रस्ताव 2024 च्या मतदानात पडला. त्याआधीच कंपन्यांशी करार होऊन 2026 पासूनची मर्यादा ठरली होती: रोज 16 हजार प्रवासी, शनिवारी 12 हजार. म्हणजे कमी गर्दीच्या दिवशीही दर तीन रहिवाशांमागे एकाहून जास्त पाहुणे.