डोंगर, डीपी आणि आम्ही सात

परभणीच्या माणसाला डोंगराचं वेड असतं, कारण त्याच्याकडं डोंगर नसतो. आमचं काळं रान भाकरी थापल्यासारखं सपाट. शाळेत चित्रकलेच्या तासाला 'दोन डोंगर आणि मधून उगवता सूर्य' काढायला सांगितलं, तेव्हा आमच्या वर्गातल्या एकानं उकिरड्याच्या ढिगाआडून सूर्य काढला होता. सरांनी त्याला दहापैकी आठ दिले. "बाकीच्यांनी ऐकून काढलंय, यानं बघून काढलंय," म्हणाले. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती फुगवून सांगतो खरं, पण जर्मनीला आल्प्स आहे. आम्हाला रेल्वेवरचा उड्डाणपूल आहे.

म्हणून चौदा वर्षांपूर्वी आम्ही सात मित्रांनी ठरवलं की दरसाल हिवाळ्यात एकदा डोंगरावर तंबू ठोकून एक रात्र काढायची. चौदा वर्षांत पाच वेळा गेलो. उरलेली नऊ वर्षं नुसतं ठरवलं. पण ते ठरवणं इतकं बारकाईनं झालं की त्यातल्या एखाद-दुसऱ्या सहलीला आपण गेलोच होतो असं मला अजून वाटतं. मागं एकदा मी सहज म्हणालो, "त्या साली अंतूर किल्ल्यावर काय दमलो होतो राव!" तर मेडिकलवाला म्हणाला, "आपुन अंतूरला गेलोच नाई."

सात जण म्हणजे कोण, ते सांगतो. जिल्हा परिषदेचे एक गुरुजी. एक तलाठी. एक मेडिकलवाला. वीस एकराचा एक शेतकरी, त्याला आम्ही मालक म्हणतो. एक जिंतूरकर. एक पुणेकर, म्हणजे मूळचा आमचाच, पण बारा वर्षं तिकडं राहून त्याच्या बोलण्यातला 'लई' गेला तो गेलाच. आणि मी, बँकेतला. मला कुणी काही म्हणत नाही, कारण गाडीचा आगाऊ खर्च मी करतो.

दिवाळीचे फटाके विझले की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो: 'यंदा डोंगरावर जायचंच.' त्यावर सात अंगठे उमटतात. माझ्या मते आमच्या सहलीतला एकमताचा क्षण तेवढाच.

मग तारखेचा घोळ. डिसेंबरातला दुसरा शनिवार धरावा तर गुरुजींना मतदारयाद्यांचं काम निघतं. गुरुजींना शिकवण्याशिवाय सगळी कामं असतात. तिसरा धरावा तर मेडिकलवाल्याच्या साडूच्या पोरीचं लग्न. तलाठी कुठल्याही तारखेला 'येतो' म्हणतो आणि निघायच्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो, म्हणून त्याचा होकार आम्ही मोजतच नाही. त्यात खाण्यापिण्याचं पंचांग वेगळं. सोमवार दोघांचा, गुरुवार तिघांचा, शनिवार मेडिकलवाल्याचा. मार्गशीर्षातले गुरुवार घरच्या बायकांचे, पण पाळायचे सगळ्या घरानं. जिंतूरकर चंपाषष्ठीच्या आधी वांगं खात नाही, मग भरीत बाद. एका साली हे सगळं सांभाळून एक तारीख निघाली होती. ती मंगळवारची होती आणि त्या दिवशी मालकाची तूर मळणीला आली.

पण खरा घोळ डीपीचा. यंदा चौथा शनिवार सहा जणांना जमला, आणि मालकानं रात्री अकराला ग्रुपवर लिहिलं, 'आमच्या डीपीला त्या आठवड्यात रात्रीची लाईन हाय.'

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. डीपी म्हणजे फोटो नव्हे, शिवारातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. शेतातल्या मोटारीला वीज आलटून पालटून येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्यानं बॅटरी आणि काठी घ्यायची, मफलर गुंडाळायचा आणि गव्हाला नाहीतर हरभऱ्याला पाणी द्यायला निघायचं. गार वारा, पायाखाली चिखल, बांधावर काय वळवळेल याचा नेम नाही, आणि डोक्यावर चांदण्याच चांदण्या. हे सगळं मालकानं ग्रुपवर सविस्तर लिहिलं. त्यावर पुणेकरानं उत्साहानं उत्तर दिलं, 'अरे पण हेच तर कॅम्पिंग!'

मालक तीन दिवस ग्रुपवर काही बोलला नाही.

शेवटी त्याच्या धाकट्या भावाला पाण्यावर बसवायचं ठरलं. त्याबदल्यात भावाला काय द्यायचं यावर दोन दिवस चर्चा होऊन एक मफलर मंजूर झाला.

तारीख ठरली, आता डोंगर. पुणेकर दरवर्षी हरिश्चंद्रगड म्हणतो. उंची १४२४ मीटर, कोकणकडा, वर लेणी, थंड पाण्याची टाकी, सगळं तो फोटोसकट टाकतो. आमचा आक्षेप उंचीला नाही, अंतराला आहे. जायला एक सुट्टी, यायला एक आणि गुडघ्याला दोन, एवढ्या रजा कुणाकडं आहेत? तलाठ्यानं गौताळ्याचं नाव काढलं. कन्नडच्या बाजूचं हे जंगल १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथं मनाला येईल तिथं तंबू ठोकून चूल पेटवता येत नाही, वन खात्याची परवानगी लागते. शिवाय २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरचा एक वाघ पायी हिंडत हिंडत थेट गौताळ्यात आला आणि वन खात्याच्या कॅमेऱ्यात सापडला. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर भीती कमी आणि हेवा जास्त होता. शेकडो कोस चालला गडी. ना ग्रुप काढला, ना वर्गणी गोळा केली, ना कुणाच्या डीपीची पाळी विचारली.

जिंतूरकराचं म्हणणं ठरलेलं. अजिंठ्याच्या डोंगररांगेचं शेपूट त्यांच्या गावाकडं येतं, नेमगिरी आहे, जैन लेणी आहेत. "कामून हिंडायलात साऱ्या महाराष्ट्रात? आमच्या नेमगिरीला काय काटे लागलेत का?" काटे नाहीत, पण त्याचं घर तिथून मोटारसायकलवर दहा मिनिटं आहे. एका साली आम्ही ऐकलं त्याचं. संध्याकाळी सहाला तंबू उभे राहिले, सातला त्याची आई रिक्षातून आली. "उघड्यावर झोपता का बाळांनो? लोक काय म्हनतील?" रात्री नऊला आम्ही सातही जण त्याच्या माडीवर, अंगावर गोधड्या, उशाला तांब्या. ती सहल आम्ही पाचांत धरतो. मेडिकलवाला धरत नाही.

मग ग्रुपवर मतदान घेतलं. सात माणसांची नऊ मतं पडली, कारण एकाहून जास्त पर्यायांवर बोट ठेवता येत होतं आणि तलाठ्यानं तीन डोंगरांवर ठेवलं. दरवर्षीप्रमाणं म्हैसमाळ निघालं. खुलताबादवरून पुढं घाट चढून जायचं, वर गिरिजादेवीचं मंदिर, टीव्हीचा मनोरा आणि ऐसपैस पठार. लोक त्याला मराठवाड्याचं महाबळेश्वर म्हणतात. आम्ही महाबळेश्वर पाहिलेलं नसल्यामुळं आमची काही तक्रार नाही.

वर्गणीचं फार लांबवत नाही. माणशी दीड हजार. मागच्या वेळचे ८६ रुपये मेडिकलवाल्याकडं शिल्लक होते, त्यांचा विषय गुरुजी दर महिन्याला काढत. यंदा त्यानं ॲसिडिटीच्या गोळ्या आणल्या आणि हिशेब मिटल्याचं जाहीर केलं. गुरुजींनी पाकिटावरची किंमत वाचली. अजून ११ रुपये येणं आहे.

तंबू मात्र नवे होते. पुणेकरानं ऑनलाइन मागवलेले, 'चार माणसांसाठी'. कुठल्या देशातली चार माणसं मोजली कोण जाणे. आमच्यातले अडीच मावतात. आयत्या वेळी फजिती नको म्हणून मालकाच्या शेतात रंगीत तालीम केली. काय सांगू, दहा मिनिटांत दोन्ही तंबू उभे! ओलवलेल्या काळ्या मातीत खुंटी अंगठ्यानं दाबली तरी बोटभर आत जायची. निघताना मात्र दोन खुंट्या जमिनीनं परत दिल्या नाहीत. त्या अजून हरभऱ्यात आहेत.

आमची तयारी चालली होती तेव्हा बायकोनं विचारलं होतं, "एकदा आम्हालाबी न्या की डोंगरावर." मी तिला समजावलं. म्हटलं, तिथली थंडी म्हणजे काय चेष्टा आहे का? हाडं गोठतात. तुला सोसायची नाही. तिनं मुकाट्यानं दोन स्वेटर, कानटोपी, घोंगडी आणि तिळाच्या चटणीबरोबर वीस धपाटे बांधून दिले.

चौथ्या शनिवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, म्हणजे साडेसातला निघालो. तलाठ्याचा फोन बंद होता. त्याच्या घरी गेलो तर स्वारी अंगणात बॅग घेऊन तयार. "चार्जिंग नव्हती," म्हणाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा हे कारण खरं निघालं. जिंतूरला जिंतूरकराच्या आईनं गाडी अडवली आणि आणखी तीस धपाटे चढवले. मंठा, जालना, संभाजीनगर करत खुलताबादला पोचलो तर भद्रा मारुतीला शनिवारची ही गर्दी. मेडिकलवाल्याचा शनिवार, त्याला दर्शनाशिवाय पुढं जाता येईना. देव आडवा पहुडलेला आहे, त्याला घाई नाही. आम्हालाही मग राहिली नाही.

म्हैसमाळला एका रिसॉर्टवाल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत पैसे भरून तंबूची परवानगी मिळाली. पहिली खुंटी मालकानं ठोकली. टण् आवाज झाला आणि खुंटी वाकली. दुसरी वाकली. वर वीतभर मुरूम, खाली नुसता कातळ. गुरुजी भूगोलाचे. ते म्हणाले, "हा बसाल्ट. आपली काळी माती म्हणजे हाच खडक झिजून झालेली."

मालकानं घाम पुसला. "मंग झिजायची वाट बघावं का?"

शेवटी एका तंबूच्या दोऱ्या गाडीच्या चाकांना बांधल्या, दुसऱ्याच्या धपाट्यांच्या डब्यांना.

रात्री मटणाचा प्रश्न उभा राहिला. मटण बर्फात घालून आणलं होतं, पण शनिवार सरलेला नव्हता. गुरुजींच्या मते रात्री बारा वाजता रविवार लागतो. मेडिकलवाल्याच्या मते वार सूर्योदयाला बदलतो, आणि शेजारी बसून बाकीच्यांनी रस्सा ओढलेला त्याला बघवणार नव्हता. तासभर खडाजंगी झाली. दोन्ही बाजूंनी आजोबांचे दाखले आले. शेवटी पन्नासपैकी एकतीस धपाटे संपले आणि मटण सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी, सूर्य दिसल्यावर, चुलीवर चढलं.

पण हे सकाळचं. रात्री जेवून शेकोटीभोवती बसलो, कानटोप्या, स्वेटर, घोंगड्या, सगळा सरंजाम घेऊन. मनोऱ्याचा लाल दिवा चमकत होता. पंधरा मिनिटांनी मालकानं मफलर काढला. मग तलाठ्यानं कानटोपी. मी दुसरं स्वेटर काढून त्यावर बसलो. वारा होता, गारही होता, पण हाडं आपापल्या जागी ठीक होती. कुणी काही बोलत नव्हतं. एवढ्यात मालकाच्या भावाचा फोन आला, शेतातून. दात वाजत होते त्याचे. पाण्यात पाय घालवेना, बोटं बधिर झालीत, मफलरनं काही होईना, म्हणाला.

गुरुजींना राहवलं नाही. म्हणाले, थंड हवा जड असते. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, तिच्यावरची हवा गार होऊन सखल भागात साचते. माथ्यावरची थंडी उतारावरून खाली घसरते, सपाट रानाला घसरायला जागा नसते. म्हणून तर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३ अंशांवर आला होता. "थंडीच्या बाबतीत आपली परभणी महाबळेश्वरालाबी हारत नाही."

"हे तुमी चौदा वर्षं कामून नाही सांगितलं?" जिंतूरकरानं विचारलं.

"सिलॅबसमध्ये नव्हतं," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात माझाही फोन वाजला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठून अंधारात गेलो, आवाज जरा थरथरता केला आणि म्हणालो, "हं, बोल. लई थंडी हाय इथं. बोटं वळेनात."

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. बायको घरात शाल पांघरून, पायात मोजे घालून, चुलीपाशी बसावं तशी गॅसपाशी बसली होती. तिनं माझी बॅग उघडली. दुसऱ्या स्वेटरच्या पाठीला मुरूम लागलेला होता, कानटोपीची घडी तिनं घातली होती तशीच होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शाल घट्ट ओढून घेत म्हणाली, "अहो, पुढच्या साली मला न्याच डोंगरावर. जरा ऊब तरी मिळंल."