एकच पीस हाय ना, मग काय!

डोकं फिरलंय नुसतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून देशभरच्या गाड्यांना कास्टिंग (ओतीव भाग) जातं, आणि ह्याच कोल्हापुरात बुलेटचा स्पीडोमीटर बसवायला एक पट्टी धड बनवून मिळत नाही!

काम केवढं? ३ मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, एक बेंड, हँडल क्लॅम्पच्या बोल्टांसाठी दोन भोकं आणि मीटरचं एक मोठं भोक. पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापून दिलं, त्यावर मापं लिहून दिली. 'हुतंय की भावा, ठेवून जा,' वर्कशॉपवाला म्हणाला आणि त्याच पुठ्ठ्यावर चहाचा ग्लास ठेवला.

हजार पीसची ऑर्डर असली की हीच माणसं जिग (पीस जागच्या जागी धरणारा साचा) बनवतात, मापाचं गेज लावून भोक तपासतात. एक पीस म्हटलं की सगळं नजरेच्या अंदाजानं! भोकाच्या खुणेसाठी सेंटर पंच मारायचासुद्धा कंटाळा. आधी भोकं पाडली, मग पट्टी वाकवली. अरे, बेंडमध्ये माप सरकतं, पत्र्याची जाडी धरावी लागते, हे आयटीआयच्या पोरालाही कळतं. भोकं जुळेनात म्हटल्यावर गोल कानस घालून पार लांबुळकी केली आणि वर तोंड करून सांगतो, 'मोठा वॉशर टाका, बसतंय.'

खरी कमाल तर पुढंच. हातानं वाकावी म्हणून पठ्ठ्यानं बेंडच्या रेषेवर हॅक्सॉनं घळ पाडली होती. माझी जुनी कास्ट आयर्न बुलेट, ३४६ सीसी, ९० मिमीचा स्ट्रोक, इंजिनाची थरथर मारणाऱ्या बॅलन्सर शाफ्टचा पत्ता नाही. आयडलवर आरशात मागचा ट्रक दिसत नाही, नुसता थरथरतो. त्या गाडीवर घळ पाडलेली पट्टी म्हणजे चीर कुठून जाणार ते आखूनच दिलं की! थरथर झेलायला रबर बुश मी दिले होते, ते 'कशाला लागत्यात' म्हणून डब्यात पडलेले. मीटरच्या केबलला उतरायला जागाच नाही. तिला अशी मुरड पडली की काटा ४० आणि ६० च्या मध्ये झोके घेतोय. आणि हायवेला लागल्यावर मीटरनं टाकीकडं मानच टाकली.

परत नेली तर चीर बघून लाज वाटावी की नाही? छे. वेल्डिंगचे दोन टाके मारले, वर ग्राइंडरसुद्धा फिरवला नाही, आणि त्याचे पैसे वेगळे मागितले. म्हणे, 'काळा स्प्रे मारा मालक, कायबी दिसत न्हाई.'