अडीच तारे म्हणजे ‘कळवतो’

शनिवारी सकाळी आमच्या घरात पेपरचे चार तुकडे होतात. राशिभविष्य आईकडे, सोन्याचा भाव हिच्याकडे, शब्दकोडं पोरीकडे आणि नव्या सिनेमांच्या परीक्षणांचं पान माझ्याकडे. ही वाटणी कुणी बसून केलेली नाही. पण ते पान माझ्या हातात असतं म्हणून रविवारी सगळ्यांना कुठल्या सिनेमाला न्यायचं हे ठरवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. कित्येक वर्षं मी ते निभावतोय. निभावतोय म्हणजे, बोलणी खातोय.

चार तारे मिळालेल्या सिनेमात धोका नसतो असं मानणारा माणूस नवखा समजावा. मीही होतो. परीक्षणात लिहिलं होतं, ‘दृश्यभाषा विलक्षण आहे.’ पुढच्याच ओळीत ‘दिग्दर्शक प्रेक्षकांच्या संयमाची कसोटी पाहतो’ असंही होतं, पण विलक्षण वाचल्यावर मी थांबलो आणि सांगलीतल्या विश्रामबागेतून आख्खं घर रिक्षात कोंबून घेऊन गेलो. पडद्यावर एक म्हातारा फणस घेऊन बसला. कॅमेरा हलेना. म्हाताराही फारसा हलेना. आईचं कुजबुजणं मागच्या तीन रांगांना ऐकू जातं, त्या आवाजात ती म्हणाली, “सुरीला तेल लावलं नाही बघ त्यानं. आता हात चिकटणार.” थोड्या वेळाने म्हणाली, “त्याचं होईस्तोवर मी जरा डोळा लावते.” मध्यंतरानंतर तिला जाग आली तेव्हा फणस होता तिथेच होता. तो विस्थापनाचं प्रतीक होता, हे मला घरी येऊन परीक्षण पुन्हा वाचल्यावर कळलं. आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, “असंल. पण गरे कुणी खाल्ले नाहीत.”

तेव्हापासून चार तारे दिसले की ही आधी विचारते, “फणस आहे का?”

खरा छळ मात्र अडीच ताऱ्यांचा. एक तारा म्हणजे नकार, चार म्हणजे होकार. अडीच म्हणजे मुलगी बघून, पोहे खाऊन, चहा पिऊन उठताना पाहुणे म्हणतात ना, “कळवतो”, ते. त्यातून काहीही निघू शकतं. बरं, खालचा मजकूर वाचून उलगडा होईल म्हणावं, तर तिथे ‘एकदा पाहायला हरकत नाही’. आमची हरकत कधीच नव्हती. चार तिकिटं, पॉपकॉर्नचा तो बादलीएवढा डबा आणि जाऊन येऊन रिक्षा, एवढे पैसे हरकत नाही म्हणून कुणी घालवतं का?

ही ताऱ्यांची भानगड काढली कुणी, म्हणून मी एकदा शोधत बसलो. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर नावाच्या बाईंनी १९२८ साली सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली. तेव्हा जास्तीत जास्त तीनच तारे असायचे. आता पाच झाले, तेही अर्धे अर्धे तोडून. आमचा आयर्विन पूल १९२९ चा, म्हणजे पूल आणि तारे साधारण एकाच वयाचे. पुलावर निदान जड वाहनं घालू देत नाहीत. ताऱ्यांवरून काय काय पार होतं त्याला सुमार नाही.

हे मी मामांना सांगितलं. मामा हरिपूरला राहतात. जन्मभर मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळकुंड हातात घेऊन कटकन मोडायचं, आतला रंग बघायचा आणि मगच बोलायचं, ही त्यांची सवय. सिनेमाच्या बाबतीतही त्यांनी कधी पेपर वाचला नाही. तीनचा खेळ सुटायच्या वेळेला थेटराबाहेर पानाच्या टपरीपाशी उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघायची. बायका पदराने डोळे टिपत आल्या तर सहाच्या खेळाचं तिकीट काढायचं. पोरं एकमेकांच्या पाठीवर गुद्दे घालत आली तरी काढायचं. आणि माणसं गप्प, घड्याळाकडे बघत, चप्पल फरफटत आली तर सरळ भडंग घेऊन घरी.

“पेपरात हळदीचा भाव वाचून कुणी पोतं उचलतं का रं?” मामा म्हणाले. “आणि सांग मला, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी हितं सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा किती तारं पडलं?”

मी म्हटलं, “मामा, तेव्हा परीक्षणं कुठली? मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’, तेसुद्धा १८४० लाच बंद पडलेलं.”

“मग!” मामा म्हणाले. “म्हणून तर नाटक जगलं.”

माझी मूळ अडचण मात्र मामांना सांगण्यासारखी नव्हती. ती मला मध्ये एका रविवारी कळली. चार तारेवाल्या सिनेमाचा सांगलीत एकच खेळ होता, तोही सकाळी पावणेदहाला. आमच्या गावात चांगल्या सिनेमांना दुधाच्या गाडीची वेळ देतात. दुपारी सोयीचा होता तो एक तारेवाला. पोरीने हट्ट धरला, गेलो. परीक्षणात स्पष्ट लिहिलं होतं, ‘विनोद ढोबळ, पटकथा विस्कळीत.’ पडद्यावर एक जाडा इन्स्पेक्टर चोराला पकडायच्या नादात स्वतःच लग्नाच्या पंगतीत बसतो आणि उठायची चोरी होऊन तीन वेळा जिलेबी घेतो. ही पोट धरून हसत होती. आई सुद्धा. माझ्याही पोटातून हसू वर आलं, पण गळ्यापाशी पोचलं आणि आठवलं, ‘ढोबळ’. मी दात आवळून बसलो. नाकातून फुर्रकन आवाज आला तो खोकला म्हणून खपवला.

बाहेर आल्यावर हिने विचारलं, “कसा वाटला?”

“पटकथा विस्कळीत आहे,” मी म्हणालो.

“बाबा, हे पेपरातलं वाक्य आहे,” पोरगी म्हणाली. “तुम्हाला कसा वाटला?”

मी पार्किंगचं कूपन शोधायला लागलो. आम्ही रिक्षाने आलो होतो.

यंदा पंधरा ऑगस्टला मोठा सिनेमा लागला तेव्हा माझी पुरती पंचाईत झाली. पंधराला पेपरवाल्यांना सुट्टी, त्यामुळे सोळाला अंक नाही. मोबाईलवर शंभर मतं पडलेली असतात, पण ज्याला शाई नाही त्याला मी मत धरत नाही. आईला पंधराचाच खेळ हवा होता. मी म्हटलं, सतराला परीक्षण वाचू, मग ठरवू. तेवढ्यात मामा सकाळीच हरिपुराहून आले होते, ते म्हणाले, “‘शोले’ पण पंधरा ऑगस्टलाच आलता, १९७५ ला. पयल्यांदा पेपरवाल्यांनी नाकं मुरडली. मुंबईत ‘मिनर्व्हा’ला पाच वर्सं चालला. तू सतराची वाट बघ.”

गेलो. मामा आत आले नाहीत. “माझं मी बघतो,” म्हणाले, आणि समोरच्या चहाच्या गाड्यापाशी उभे राहिले.

तीन तास मी वाऱ्यावर होतो. ढोबळ की सूक्ष्म, विस्कळीत की घट्ट, कुणी काही सांगून ठेवलेलं नाही. हसावं की नाही ते कळेना, म्हणून मध्यंतरापर्यंत मी आईकडे बघून हसत होतो. मध्यंतरानंतर काय झालं ते नीट आठवत नाही. पोरगी म्हणते, मी एकदा शिट्टी मारली. मला शिट्टी वाजवता येत नाही, असं माझं मत आहे.

खेळ सुटला. जिन्यातच हिने विचारलं, “कसा होता?”

“सतराला सांगतो,” मी म्हणालो.

मामा चहाचा कप हातात धरून फाटकापाशी उभे होते. आईकडे त्यांनी बघितलं नाही, हिच्याकडे नाही, पोरीकडेही नाही. माझ्या तोंडाकडे मात्र हळकुंड मोडल्यावर बघावं तसं दोन क्षण निरखून बघितलं आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

“सहाच्या खेळाचं एक तिकीट काढ रं,” म्हणाले.